कानातला आवाज आणि ‘डी’ची पुडी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकात हाडांच्या दुखण्यावर लिहिताना व्हिटॅमिन डीचा विषय निघाला होता. त्यावर आलेल्या पत्रांत गुडघ्यांपेक्षा कानांच्याच तक्रारी जास्त निघाल्या. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, सगळीकडून शंका एकच: रक्तात डी कमी आहे आणि कानात आवाज येतो, मग एकामुळे दुसरं होतं का? निवडक पत्रांना नावं न देता उत्तरं देत आहोत.

प्रश्न : वय ४७. चार महिने झाले, दोन्ही कानांत किर्र किर्र आवाज येऊलालाय. दिवसा कामात कळत नाही, रात्री आडवं झालं की रातकिडे बसल्यासारखं वाटतं. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ११ आलं. डॉक्टरांनी ६० हजारची पुडी आठवड्याला एक, अशा आठ सांगितल्यात. पाच झाल्या, आवाज तसाच आहे. शेजारच्या काकी म्हणतात, रोज एक घे, लवकर उतरेल. घेऊ काय?
– गृहिणी, वडगाव, बेळगाव

ताई, रोज अजिबात घेऊ नका. आठवड्याची पुडी रोज घेतली तर सात दिवसांत ४ लाख २० हजार युनिट पोटात जातात. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट आहे. डॉक्टरांनी दिलेला डोस योग्य आहे. ११ ही पातळी कमीच आहे आणि ती भरून काढायलाच हवी, पण हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. पाच पुड्यांनी आवाज उतरला नाही म्हणून औषध चुकलंय किंवा कमी पडतंय, असं समजू नका.

डी आणि कान यांचा संबंध आहे का? आहे, पण सांगतात तितका सरळ नाही. आतला कान, म्हणजे ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, कानशिलाच्या हाडात कोरलेला असतो. शरीरातल्या सर्वांत टणक हाडांपैकी ते एक. या नळ्यांतल्या द्रवात कॅल्शियमचं प्रमाण फार काटेकोर राखावं लागतं आणि कॅल्शियमच्या ने-आणीवर डीचा अंमल चालतो. १९८३ साली इंग्लंडमधल्या ब्रुक्स या कानतज्ज्ञाने डीची कमतरता आणि आतल्या कानाचा बहिरेपणा यांची सांगड घालणारी नोंद प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये पोलंडमधल्या एका अभ्यासात कानात आवाज येणाऱ्यांची डी पातळी इतरांपेक्षा कमी निघाली.

मात्र असे अभ्यास त्या एका वेळेचं चित्र दाखवतात. ज्याला रात्रभर आवाज छळतो त्याची झोप मोडते, तो बाहेर कमी पडतो, ऊन कमी लागतं आणि डी उतरतं. म्हणजे गाडी उलट्या दिशेनेही चालू शकते. शिवाय आपल्याकडे डी कमी असणारी माणसं इतकी आहेत की कानाची तक्रार असलेल्या कुणाचंही रक्त काढलं तरी आकडा कमी येण्याची शक्यता मोठी. डी भरल्यावर आवाज थांबतो असं ठामपणे म्हणता येईल असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये कानातल्या आवाजाबद्दल मार्गदर्शिका काढली. तिच्यात गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन किंवा इतर पूरक गोळ्या या त्रासासाठी देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलंय.

आता तुमच्या पत्रात नसलेला प्रश्न आम्ही विचारतो. तुमच्या घरात किंवा भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतो का? वडगाव, शहापूर, खासबागेत घरं आणि माग एकमेकांना लागून आहेत, म्हणून हे विचारणं भाग आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असा हिशेब धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला अवघी १५ मिनिटं. चालू मागाशेजारी हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तुम्ही ८५ च्या वर आहात, मीटरची गरज नाही. अशा आवाजाने शंखातल्या केसपेशी मरतात. एका कानात त्या साधारण १५-१६ हजार असतात आणि गेलेल्या परत उगवत नाहीत. जिथून संदेश येणं कमी होतं तिथला आवाज मेंदू स्वतःच वाढवून ऐकू लागतो, जणू रेडिओचं स्टेशन गेल्यावर बटण पिळलं की नुसती खरखर मोठी होते. तुमचे रातकिडे बहुधा हेच आहेत.

म्हणून पुढची पायरी ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी. आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडून कान बघून घ्या, कारण मळाचा बोळा असेल तर चाचणी फसते. चाचणीआधीचे किमान १४ तास मागापासून लांब राहा, नाहीतर थकलेल्या कानाचाच आलेख निघेल. साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत सूर ऐकवतात. ३००० आणि ६००० वरही तपासा, असं आवर्जून सांगा. आवाजाच्या माऱ्याचं नुकसान आधी ४००० च्या आसपास खड्ड्यासारखं दिसतं आणि शेजारचे आकडे असले की खड्डा ओळखता येतो. त्याच फेरीत रक्तदाब मोजा आणि हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर तपासा. आपल्याकडच्या बायकांत पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणं, फार आढळतं. त्यानेही कानात घुमतं, आणि ते बरं होण्यासारखं असतं. चालू गोळ्यांची यादीही दाखवा. ॲस्पिरिनचा मोठा डोस, क्विनीन, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, जेंटामायसिन किंवा अमिकॅसिनची इंजेक्शनं यांनीही आवाज सुरू होतो.

रात्रीसाठी एक उपाय आजपासून करता येईल. खोली पूर्ण शांत ठेवू नका. पंखा, किंवा रेडिओवर हळू आवाजात भजन लावा. आवाज इतकाच ठेवा की किर्र थोडी ऐकू येत राहील. किर्र पूर्ण बुडवायला गेलात तर बाहेरचा आवाज बंद होताच ती जास्त बोचते. थोडी ऐकू येत राहिली तर काही आठवड्यांत मेंदू तिची दखल घेणं सोडतो. चाचणीत श्रवण कमी निघालं तर श्रवणयंत्र लावल्याने आवाजही मागे सरतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्रास सहा महिन्यांवर गेला आणि झोप-मन बिघडलं असेल तर विचार-वर्तन उपचार, म्हणजे समुपदेशकाबरोबरच्या ठरावीक बैठका, यांना चांगला आधार आहे.

माग बंद करणं हातात नसतं, म्हणून कानात बोळे घाला. पण कापसाचे नकोत, कापूस फारसं काही अडवत नाही. फोमचा बोळा बोटांत वळून काडीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. अर्धा बोळा बाहेर लोंबत असेल तर तो घातला न घातला सारखाच.

राहिलेल्या तीन पुड्या ठरलेल्या वारी, दुपारच्या जेवणानंतर घ्या. डी चरबीत विरघळतं. उपाशीपोटी पाण्याबरोबर घेतलं तर कमी शोषलं जातं; तूप-भात किंवा भाकरी-पिठलं झाल्यावर कपभर दुधात ढवळून घेतलं तर नीट अंगी लागतं. आठ झाल्या की थांबा आणि पुढचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. फेरतपासणी तीन महिन्यांनी करा, त्याआधी आकडा स्थिर होत नाही.

प्रश्न : चिकोडीत तपासलं तेव्हा डी १८ होतं. महिन्याने दुसऱ्या गावी तपासलं तर ४५. औषध काहीच घेतलेलं नाही. कुठला रिपोर्ट खोटा?
– शिक्षक, चिकोडी

बहुधा दोन्ही खरे आहेत. आकड्याशेजारचं एकक बघा. एका ठिकाणी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, दुसऱ्या ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला अडीचने गुणलं की दुसरं मिळतं: १८ गुणिले अडीच म्हणजे बरोबर ४५. या अंकातले सगळे आकडे नॅनोग्रॅमचे आहेत. त्यात २० च्या खाली कमतरता धरतात, १२ च्या खाली ती गंभीर समजतात. २० ते ३० च्या मधल्या पट्ट्याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि त्या पट्ट्यातल्या धडधाकट माणसाने काळजीने झोप घालवू नये असं आमचं मत आहे. चाचणीचं नाव ‘२५-हायड्रॉक्सी’ असल्याची खात्री करा. ‘१,२५’ नावाची वेगळी चाचणी असते. ती मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी कामाची, पण शरीरातला साठा त्यातून कळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत सूर्य दिसत नाही. बाकीच्या दिवसांत मी रोज सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास बसतो, तरी डी १४. आता कानातही गुणगुण सुरू झालीय. ऊन कुठे कमी पडतंय?
– निवृत्त कर्मचारी, जांबोटी, ता. खानापूर

गुणगुणीसाठी वर वडगावच्या ताईंना सांगितलेल्या तपासण्या तुम्हालाही लागू आहेत, त्या आधी करा. इथे उन्हाबद्दल बोलू, कारण तुमच्यासारखी मेहनत घेणारे आणि तरी रिकाम्या हाताने राहणारे पुष्कळ आहेत.

कोवळं ऊन अंगाला छान वाटतं, पण त्यात डी तयार करणारे अतिनील ‘ब’ किरण जवळजवळ नसतात. सूर्य खाली असताना त्यांना हवेच्या जाड थरातून तिरकं यावं लागतं आणि ते वाटेतच अडतात. ओळखायची खूण सोपी आहे: उभे राहा, सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. सकाळी सातला ती तुमच्या कितीतरी पट लांब पडलेली दिसेल.

आपला भाग विषुववृत्तापासून साधारण १६ अंश उत्तरेला आहे, ही मोठी जमेची बाजू. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा भर दुपारी पाच फूट चार इंच माणसाची सावली चार फूट चार इंचांच्या आसपास पडते. म्हणजे पाऊस सोडला तर वर्षभर इथे डी मिळवता येतं. दुसरी गोष्ट, भारताचं घड्याळ बरंच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं असल्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमाराला. म्हणून वेळ धरा अकरा ते दोन. चेहरा झाकला तरी चालेल, पण हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे हवेत. आपल्या सावळ्या कातडीला २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा. रंग जास्त काळा असेल तर वेळ थोडा जास्त. कातडी लाल होऊन चुरचुरेपर्यंत बसण्यात फायदा काही नाही. एप्रिल-मेच्या रखरखीत सलग बसू नका, दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे करा, डोक्यावर टोपी आणि जवळ पाणी ठेवा. खिडकीची काच बंद करून आत बसलात तर ऊब मिळेल, डी नाही. काच हे किरण अडवते.

पावसाळ्याचं मात्र तुमचं खरं आहे. ऑगस्टच्या ९-१० तारखेच्या आसपास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो आणि नेमका तेव्हाच जांबोटी-कणकुंबीवर ढगांचा जाड थर. उन्हाळ्यात मिळवलेला साठा काही आठवडे पुरतो. रक्तातलं डी दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं, चरबीतला साठा त्याला थोडा टेकू देतो, पण गणपतीपर्यंत तळ दिसू लागतो. म्हणून तुमची कमतरता आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून घ्या आणि पुढच्या वर्षी जून ते सप्टेंबर रोज ६०० युनिटची साधी गोळी चालू ठेवा. ६० हजारची पुडी उचलण्यापेक्षा हा मार्ग सौम्य आहे.

जेवणातून किती मिळतं? मासे खात असाल तर गोव्याहून-कारवारहून येणारे बांगडे आणि तारली सर्वांत चांगले. अंड्याच्या बलकात एकाला साधारण ४० युनिट, पांढऱ्यात काही नाही. शाकाहारी असाल तर पिशवीवर अधिक चिन्ह आणि ‘एफ’ असं निळं बोधचिन्ह असलेलं दूध आणि तेल घ्या, त्यात डी मिसळलेलं असतं. बटण मशरूम कापून, कापे दुपारच्या उन्हात अर्धा तास पसरून मग शिजवले तर त्यांत डी तयार होतं. नाचणीचं नाव अनेक पत्रांत आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण डी नाही. आणि डी नसेल तर ते कॅल्शियम आतड्यातून पुरेसं आत जात नाही. भाकरी खा आणि उन्हातही जा, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

प्रश्न : वय ५८. बसून विड्या वळते. पहाटे कूस बदलली की घर गरगर फिरतं, मिनिटभराने थांबतं. डॉक्टर म्हणाले कानातले खडे हललेत, डी पण ९ आहे, ते भरा. चक्करेच्या गोळ्या महिनाभर खाल्ल्या, फरक नाही. कानाच्या खड्यांना आणि डीला काय संबंध?
– विडी कामगार, निपाणी

मावशी, डीबद्दल आलेल्या सगळ्या पत्रांत तुमच्या बाबतीतच संबंध सर्वांत पक्का आहे.

आतल्या कानात एका चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण रुतलेले असतात. तोल कळतो तो त्यांच्या वजनामुळे. त्यांतले काही सुटून अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळले की मान वळवल्यावर नळीतला द्रव ढवळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. कूस बदलताना, वर फळीवरचा डबा काढताना किंवा वाकून चुलीत बघताना येणारी मिनिटभराच्या आतली गरगर ही त्याची ओळख. डी कमी असेल तर हे कण ठिसूळ होऊन सुटत असावेत, असं समजलं जातं.

कोरियात आठ रुग्णालयांनी मिळून ९५७ रुग्णांवर केलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. कण जागेवर बसवल्यानंतर एका गटातल्या ज्यांचं डी २० च्या खाली होतं त्यांना ४०० युनिट डी आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिवसातून दोनदा, वर्षभर दिलं. त्या गटात चक्कर परत येण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी घटलं. सुरुवातीला डी १० च्याही खाली असलेल्यांत तर ४५ टक्क्यांनी. तुमचं ९ आहे, म्हणून तुम्ही ते भरून काढलंच पाहिजे. मुतखडा झालेला असेल तर कॅल्शियमची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पण नीट समजून घ्या: डीने पुढचा झटका टळतो, आज नळीत अडकलेले कण बाहेर येत नाहीत. ते चक्करेच्या गोळ्यांनीही येत नाहीत. गोळ्या मळमळ कमी करतात आणि सुस्ती आणतात, महिनाभर खाण्यासारख्या त्या नाहीत. कण काढायला एपली नावाची डोकं फिरवण्याची पद्धत आहे. पहिल्यांदा ती डॉक्टरांकडूनच करून घ्या, कारण दोष कुठल्या कानात आहे हे डोळ्यांची थरथर बघून ठरवावं लागतं. बाजू चुकली तर मेहनत वाया.

उजव्या कानासाठी ती अशी. पलंगावर पाय लांब करून बसा, पाठीमागे उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्याखाली येईल. डोकं उजवीकडे ४५ अंश वळवा, म्हणजे हनुवटी समोर आणि उजवा खांदा यांच्या मधोमध. तसंच ठेवून झटकन मागे आडवं व्हा. डोकं उशीपलीकडे थोडं खाली लोंबलं पाहिजे. गरगरेल, डोळे उघडे ठेवा, थांबेपर्यंत आणि वर अर्धा मिनिट तसेच राहा. मग डोकं न उचलता ९० अंश डावीकडे वळवा, पुन्हा अर्धा ते एक मिनिट. मग संपूर्ण अंग डाव्या कुशीवर वळवा, नाक जमिनीकडे यायला हवं, पुन्हा तेवढंच थांबा. शेवटी पाय खाली सोडून हळूच उठून बसा, हनुवटी छातीकडे झुकलेली. डाव्या कानासाठी सगळं उलट.

फसतं ते तीन ठिकाणी. डोकं लोंबतच नाही, कारण उशी खांद्याऐवजी डोक्याखाली घेतली जाते. गरगर सुरू होताच माणूस घाबरून उठतो आणि कण परत नळीतच. किंवा तिसऱ्या पायरीला नाक खाली न नेता समोरच बघितलं जातं. करताना घरातलं एक माणूस जवळ हवंच. मानेचा मणका झिजलेला असेल, मान वळताना हातांना मुंग्या येत असतील किंवा पूर्वी पक्षाघात झाला असेल तर घरी करू नका. झाल्यावर बसून झोपायची गरज नाही, तो जुना नियम आता कुणी पाळायला लावत नाही.

अजून एक. अशा खड्यांच्या चक्करेत ऐकू कमी येत नाही आणि कानात आवाजही येत नाही. चक्कर तासन्‌तास टिकत असेल आणि सोबत एका कानात घुमत असेल तर तो वेगळा आजार आहे. चक्करेसोबत बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं, चालताना एका बाजूला तोल गेला तर तडक मोठ्या दवाखान्यात जा, तिथे कानाचा प्रश्न राहत नाही.

प्रश्न : वडिलांना, वय ७२, कानात आवाज येतो म्हणून ६ लाखांचं डीचं इंजेक्शन महिन्यात दोनदा दिलं गेलं, शिवाय पुड्याही चालू. आता भूक मेली, तहान फार, रात्रीत पाच-सहा वेळा लघवीला उठतात, बद्धकोष्ठ झालंय. हे वयामुळे असेल का?
– वाचक, संकेश्वर

वयावर ढकलू नका. डी आणि कॅल्शियमच्या सगळ्या गोळ्या, पुड्या आजच थांबवा आणि उद्याच रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि डीची पातळी तपासा. तुम्ही लिहिलेली चारही लक्षणं कॅल्शियम वाढल्याची आहेत. डी १५० च्या वर गेलं तर ते विषारी ठरतं. कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून लघवी आणि तहान. पाणी कमी पडलं की कॅल्शियम आणखी चढतं. असं ते चक्र असतं. माणूस सुस्त पडला, बरळू लागला किंवा उलट्या लागल्या तर रिपोर्टची वाट न बघता दाखल करा. इंजेक्शन तेलकट असतं आणि चरबीत साठतं, म्हणून औषध बंद केल्यावरही परिणाम काही आठवडे, कधी काही महिने राहतो. एकदा तपासून सोडून देऊ नका. रक्तदाबासाठी थायझाइड जातीची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, दोन्हींमुळे धोका वाढतो.

प्रश्न : आजी लसूण घालून कडवलेलं खोबरेल कानात घालते. आवाजाला चांगलं म्हणते. पावसात घालावं का?
– विद्यार्थिनी, खानापूर

आवाज आतल्या कानात तयार होतो आणि तेल पडद्याच्या बाहेर राहतं, ते तिथे पोचतच नाही. पावसाळ्यात तर नकोच. दमट हवा आणि तेलाचा ओलावा यांनी कानात बुरशी धरते. कान आतून कमालीचा खाजतो, दडा बसतो आणि आत ओल्या कागदाच्या लगद्यासारखं, त्यावर काळे ठिपके असलेलं दिसतं. ती डॉक्टरांनी साफ करून बुरशीचे थेंब द्यावे लागतात. पडद्याला भोक असेल तर कढत तेलाने आणखी इजा होते. नुसता मळ असेल तर सोडियम बायकार्बोनेटचे कानाचे थेंब, चार-पाच, दिवसातून दोन-तीनदा, पाच दिवस. कुशीवर पाच मिनिटं पडून राहायचं. थेंबांनी मळ फुगून सुरुवातीला दडा वाढल्यासारखा वाटतो, घाबरू नका. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असल्याचं ठाऊक असेल तर थेंबही नकोत. आणि कापसाची काडी मळ आतच ढकलते, हे आजीलाही सांगा.

प्रश्न : वय ३४, फाउंड्रीत काम. तीन दिवसांपूर्वी सकाळी उठलो तर डावा कान बंद आणि त्यात शिट्टी. औषधाच्या दुकानात डीची पुडी दिली, आठवडाभर बघा म्हणाले. थांबू का?
– कामगार, उद्यमबाग, बेळगाव

थांबू नका. अंक छापून येईपर्यंतही थांबू नये म्हणून या पत्राला आम्ही आधीच पोस्टाने उत्तर पाठवलंय. इथे देतो ते इतरांसाठी.

एका कानाचं ऐकणं दोन-तीन दिवसांत अचानक गेलं तर ऐकण्याची नस दुखावल्याची शक्यता असते आणि ती तातडीची बाब आहे. ओठ मिटून ‘हम्म’ असा सूर काढा. तो बंद कानात मोठा घुमला तर मळ किंवा पडद्यामागचं पाणी असेल. चांगल्या कानाकडे गेला तर नसेचं नुकसान समजा. ही खूण दिशा दाखवते, निदान करत नाही, म्हणून ‘हम्म’ बंद कानात घुमला तरी दाखवायला जाच. ऑडिओमेट्रीत लागोपाठच्या तीन सुरांवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट निघाली तर स्टेरॉइडचा कोर्स देतात, गोळ्यांनी किंवा पडद्यातून सुईने. त्याचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त, नंतर दर दिवसाला घटत जातो. मधुमेह असेल तर सांगा, स्टेरॉइडने साखर चढते. पुढे एमआरआय सांगितला तर टाळू नका. एका बाजूचा आवाज आणि एका बाजूचा बहिरेपणा यांत नसेवरची गाठ नाही ना, हे बघावं लागतं.

बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात सकाळीच जा. केसपेपर काढताना ‘कानात आवाज’ एवढंच सांगू नका, ‘तीन दिवसांपासून एका कानाने अचानक ऐकू येत नाही’ असं तारखेसह सांगा, म्हणजे तुम्हाला पुढची तारीख मिळणार नाही. डीची पुडी घरी राहू दे. ती पंधरा दिवसांनी घेतली तरी चालते.